पाव्हण्यांच्या नावाची कोंबडी

"वहिनी, एक गोष्ट मात्र फोनवर आधीच सांगून टाका. तुम्ही काय खाता ते," शेजारची धनश्री जिन्यात उभी राहून म्हणाली होती. "आमच्या आत्याकडं पाव्हण्याला विचारायची पद्धत नाही. पाव्हणा दारात दिसला की डालगं उचलतात."

भार्गवीनं ते हसण्यावारी नेलं. "अगं, आम्ही वरणभात खाणारी माणसं. आमच्यासाठी कोण कशाला त्रास घेतंय?"

हे इथं मुद्दाम सांगून ठेवायला हवं, कारण भार्गवी ही इशारे हसण्यावारी नेणारी बाई नव्हे. तिनं सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेलं आहे. पाणीपुरीच्या गाडीकडे पाहिलं की तिला पुऱ्या दिसत नाहीत, जंतूंच्या वसाहती दिसतात. संगमनेरातल्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, जाळ्यांना कुलपं आहेत, आणि आग लागली तर त्या कुलपांच्या किल्ल्या वेळेवर सापडतील का, ही काळजी वेगळी. अशा बाईनं आयुष्यात एकच इशारा झटकला, आणि खरा ठरला तो तेवढाच.

मुळात डोंगरात जायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते घसरगुंडीमुळं. तिची मुलगी अपूर्वा, वय वर्षं चार, बागेतल्या घसरगुंडीवर कधी चढायचीच नाही. ती खाली कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि वरून येणाऱ्या प्रत्येक पोराला बजावायची, "हळू! पडशील ना! डोकं फुटेल, मग टाके घालतात!" बाकावरच्या बायका हसल्या. "अगदी आईवर गेलीय हो!" भार्गवीही हसली. मग घरी येऊन तिनं आधीच स्वच्छ असलेलं सिंक दोनदा घासलं, आणि हात पुसत नवऱ्याला म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत आपण डोंगरात जायचं. या पोरीनं स्वतःच्या पायांनी एक तरी डोंगर चढला पाहिजे."

सुहास पतसंस्थेत हिशेबनीस आहे. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करायची नाही, हा त्याचा धर्म. त्यानं विचारलं, "आपण म्हणजे कोण? त्यात तू धरलेली आहेस?"

"सगळ्यात आधी मीच."

भार्गवीनं योजना आखली. रोज नवं हॉटेल, नवी चादर, नवे ढेकूण, असलं काही नको. राजूर हे जुनं बाजाराचं गाव. डोंगरात आहे, पण दवाखाना आहे, पोलीस ठाणं आहे, इंग्रजांच्या काळापासून सरकारची तिथं नजर आहे. तिथं एकाच घरी मुक्काम ठोकायचा. सकाळी निघून रंधा धबधबा, भंडारदरा, रतनवाडी, जमेल ते बघायचं, आणि सूर्य मावळायच्या आत परत. "राजूर हा आपला बेस," ती म्हणाली.

"बेस एव्हरेस्टला असतो गं," सुहास म्हणाला. पण तो येतो म्हणाला. सासूबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका शोभाताई, त्यांनी रतनवाडीच्या अमृतेश्वराचं दर्शन घडणार असेल तरच येईन अशी अट घातली आणि त्याच दमात बॅग भरायला घेतली.

इमारतीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या पंकजाताई महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यामुळं दुसऱ्यांनी कुठं जावं हे ठरवणं त्यांच्याकडेच असतं. त्या म्हणाल्या, "राजूर? तिथं काय आहे? पेढे घ्यायचे आणि मागं फिरायचं." कुणी तुरटी न्यायला सांगितली, कुणी जळवांसाठी मीठ. एका काकांनी घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर काय करावं याचं हातवारे करून प्रात्यक्षिक दाखवलं, आणि त्यात त्यांचीच मान लचकली. भार्गवीनं सगळं लिहून घेतलं आणि सगळं नेलं. औषधांची पिशवी कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठी झाली.

धनश्रीची आत्या साळूबाई राजूरला असते. घरातल्या दोन खोल्या ती पाव्हण्यांना देते. तिला भार्गवीनं फोनवर विचारायचं काही म्हणून ठेवलं नाही. पाणी उकळून मिळेल का? विंचू निघतात का? कुत्रं चावतं का? गच्चीला कठडा आहे का?

"कठडा न्हाई बाय," साळूबाई म्हणाली. "पर तुमी यायच्या आत बांधून घिऊ की. त्यात काय!"

जेवणाचं काही विचारायचं सुचलंच नाही. वरणभात खाणाऱ्या माणसाला जगात दुसरं काही शिजत असेल याची आठवण कोण करून देणार? धनश्रीनं दिली होती. असो.

गाडी राजूरला पोचली तेव्हा कठडा खरंच बांधून झालेला होता, ओला होता, आणि त्यात साळूबाईच्या मांजराचे पाय उमटलेले होते. भार्गवीला ती बाई एकदम आवडली. साळूबाई दणकट, बोलायला मोकळी. तिचे मालक आबासाहेब किडकिडीत, बोलायला कमी, पण जेवणाचा विषय निघाला की डोळ्यांत चमक येणारे.

"ये गं चिमने," साळूबाईनं अपूर्वाला अंगणात नेलं, कोंबड्या झाकायचं डालगं उचललं आणि खालची तांबूस कोंबडी दाखवली. "ही तुमची. तुमच्या नावानं काढून ठिवलीया."

भार्गवीला भरून आलं. शहरातल्या लेकराला कोंबडी दाखवायला या माणसांनी केवढी तयारी केली! अपूर्वा कोंबडीमागं धावली, कोंबडी अपूर्वापुढं धावली, आणि ओट्यावरून भार्गवी सवयीनं ओरडली, "हळू! हळू!" गंमत अशी की त्या आवाजानं अपूर्वा थांबली तशी कोंबडीही थांबली. मान वाकडी करून एका डोळ्यानं तिनं भार्गवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि रस्ता मोकळा आहे याची खात्री पटल्यावरच एक पाऊल पुढं टाकलं. असं दोनतीनदा झालं तेव्हा अपूर्वानं निकाल दिला, "आई, तिचं नाव हळू आहे!"

शोभाताई कोंबडीचं निरीक्षण करत होत्या. "भार्गवी, हिला बघून मला कुणाची तरी आठवण येतेय," त्या म्हणाल्या. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. सुहासला खोकला आला.

संध्याकाळी आबासाहेबांनी दारात येऊन विचारलं, "ताई, रस्सा कसा करू? काळा का लाल?"

"कसाही चालेल हो," भार्गवी म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर बटाटे होते. "फक्त मुलीसाठी तिखट जरा बेतानं."

"व्हय व्हय. पोरीला तंगडी बाजूला काढून ठिवतो."

बटाट्याला तंगडी नसते हे कळायला सूक्ष्मजीवशास्त्र लागत नाही. भार्गवी अंगणात धावली. आबासाहेबांच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्या हातात हळू होती, आणि अपूर्वा त्यांच्या धोतराला लोंबकळून अशी किंचाळत होती की समोरच्या पेढ्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

"थांबा! आम्ही खात नाही! कोंबडी नाही, अंडं नाही, काहीच नाही!"

साळूबाई चुलीपुढून उठून आली. तिच्या तोंडावर राग नव्हता, पण वाढलेल्या ताटावरून पाव्हणा उठावा तसं काहीतरी होतं. "आधी बोलायचं व्हतं बाय," ती म्हणाली. "धनश्रीनं न्हाई सांगितलं?"

धनश्रीनं सांगितलं होतं.

"मग सोडा ना तिला परत," सुहासनं सुचवलं.

"तसं न्हाई चालत आमच्यात," साळूबाई म्हणाली. "पाव्हण्याच्या नावानं भाईर काढलेली कोंबडी पुन्हा खुराड्यात घालीत न्हाईत. सासूबाईपासनं हाय हे. दिलेलं मागं घेतल्यावानी हुतं. ती तुमची. तुमी खावा, न्हाईतर संगं न्या."

आबासाहेब सुरी पुसत हळहळले. "आन दोनीबी न्हाई जमलं तर, टाकून कशाला द्यायची? उद्या तुमी फिराया गेलात की आमी बगतो तिचं."

अपूर्वानं हे ऐकलं. चार वर्षांची असली तरी हिशेबनिसाची मुलगी होती ती. रात्री पिठलंभाकरी खाताना तिनं जाहीर केलं की उद्या हळू आपल्याबरोबर धबधबा बघायला येणार आहे.

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी राजूरच्या बेसवरून पथक निघालं. पुढं सुहास आणि भार्गवी, मागं शोभाताई, अपूर्वा, आणि दोघींच्या मधे बाजाराच्या पिशवीतून मान बाहेर काढलेली हळू. भार्गवीनं पिशवीखाली वर्तमानपत्रं अंथरली होती, कोंबडीला हात लावणाऱ्या प्रत्येकासाठी साबणाचं पाणी बाटलीत भरून घेतलं होतं, आणि पक्ष्यांपासून माणसाला होणारे रोग ती मनातल्या मनात क्रमानं आठवत होती. रंधा धबधब्याशी कोंबडीला गाडी लागली. तिनं शोभाताईंच्या नव्या साडीवर काय केलं ते सांगायची गरज नाही. शोभाताईंनी निम्मा धबधबा साडी धुण्यात पाहिला.

पुढं भंडारदऱ्याच्या कडेनं जाताना नाका लागला. तिथून पुढं अभयारण्य. नाक्यावरच्या माणसानं पावती फाडता फाडता आत डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"कोंबडी," सुहास म्हणाला.

"ते दिसतंय मला. जिल्हा?"

"कोंबडीचा?"

"गाडीचा ओ!" त्यानं पेन कानावर ठेवलं. "आत न्यायला आडकाठी न्हाई. भाईर येताना घोळ हाय. अभयारन्यातनं पक्षी भाईर काढला असा अर्थ निघतोय ना!"

भार्गवीला कोठडीच्या जाळीमागचा सुहास दिसला, वर्तमानपत्रातला फोटो दिसला, फोटोत मधोमध हळू दिसली. सुहास मात्र पहिल्यांदाच खुलला. "बरोबर आहे. आवक दाखवल्याशिवाय जावक कशी दाखवणार? पावतीवर हिची नोंद करा."

पण पावतीवर रकाने चारच. मोठे, लहान, वाहन, कॅमेरा. दोघा पुरुषांनी गाडीच्या टपावर कोपर टेकून बराच खल केला. मागं गाड्यांची रांग लागली, कुणीतरी हॉर्न वाजवला, हळूनं त्याला उत्तर दिलं. शेवटी त्या माणसानं लिहिलं, 'लहान: दोन.'

"चला," शोभाताई मागून म्हणाल्या. "दुसऱ्याचं कधी म्हणून लोक विचारतच होते."

रतनवाडीला पोचल्यावर शोभाताईंनी बजावलं की महादेवाच्या पायरीवर कोंबडीची सावलीसुद्धा पडता कामा नये. म्हणून बाकीचे आत गेले आणि भार्गवी पुष्करणीपाशी पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. हेमाडपंती देऊळ, मागं रतनगड, पुढं पाणी. इतक्या सुंदर जागी एखादी बाई इतकी अवघडून क्वचितच उभी राहिली असेल. करवंदीच्या जाळीकडून एक म्हातारी आली. तिनं पिशवीत वाकून पाहिलं आणि मायेनं म्हणाली, "नवसाची का? हितं न्हाई चालत बाय, महादेव हाय ह्यो. तकडं माळावर देवीकडं न्या. पोरगा मागितल्ता व्हय?"

"नाही हो आजी, ही फिरायला आलीय," भार्गवी म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला नवस बोलणंच सोपं वाटलं.

आणि त्याच घटकेला एक टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. दार सरकलं, आणि एकामागून एक संगमनेरचं अख्खं महिला मंडळ उतरलं. सगळ्यांच्या पुढं, गॉगल कपाळावर चढवलेल्या पंकजाताई! राजूरला काय आहे म्हणणाऱ्या!

"भार्गवी? अय्या! तू... आणि कोंबडी?"

"ती आमची नाहीये," भार्गवी म्हणाली.

देवळाच्या दारातून अपूर्वा धावत आली. "आमचीच आहे! हळूपाशी जाऊ दे मला! आबासाहेब हिला कापणार होते, आईनं तिखट कमी घालायला सांगितलं!"

पंकजाताईंनी भार्गवीच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, खात असाल तर खा बाई. आजकाल कोण लपवतं? पण देवळात तरी नको गं आणूस."

संध्याकाळी राजूरला परत येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सात्त्विक आहाराचे फायदे सांगणारा एक लांबलचक मजकूर येऊन पडला होता. त्यात नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. खाली पंचवीसेक हात जोडलेले होते. भार्गवीनं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. चार पिढ्यांची भिक्षुकी, आजोबांचं वेदपठण, सगळं एका पिशवीतून मान काढून बाहेर बघत होतं.

"उद्या परत जाऊ या का घरी?" सुहासनं विचारलं.

"नाही," भार्गवी म्हणाली. "अपूर्वा अजून चढलेली नाही."

कारण खरंच, दोन दिवसांत पोरगी पायरीएवढ्या उंचीवरसुद्धा चढली नव्हती. धबधब्याशी ती कठड्यापासून लांब उभी राहून इतरांना सावध करत होती. तिच्या भीतीपुढं राजूरचा बेस, तुरटी, मीठ, सगळं फुकट. उरला होता एक दिवस आणि एक किल्ला, पट्टा. महाराजांनी जिथं विश्रांती घेतली म्हणून विश्रामगड म्हणतात तो. साळूबाई म्हणाली होती, "पायऱ्या हायेत, आमची शेळीबी चढती."

पट्ट्याच्या पायथ्याशी वारा असा होता की शोभाताई गाडीतच बसल्या. अपूर्वानं पहिल्या पायरीपर्यंत जाऊन वर बघितलं आणि बसकण मारली. "मी नाही. मी पडेन ना. डोकं फुटेल."

भार्गवीनं समजावलं. खाऊ दाखवला. शेवटी स्वतः दोन पायऱ्या चढून दाखवायला गेली, पुढच्या पायरीला बाजूला आधार नाही हे तिनं पाहिलं, आणि तिसरीवर टाकलेला पाय तिनं मागं घेतला. अपूर्वानं ते बघितलं. या पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही. तीही आईवरच गेलीय.

"खालूनच बघू," सुहास मऊ आवाजात म्हणाला. "खालूनसुद्धा छान दिसतोय."

भार्गवीचे डोळे भरले. ते पुसायला तिनं आजही बरोबर आणलेली हळूची पिशवी खाली ठेवली, आणि पिशवी कलंडली.

हळू बाहेर आली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग, दोन दिवसांच्या कैदेचा सूड घ्यावा तशी, पंख पसरून टणाटण पायऱ्या चढत सुटली.

"आई, ती पडेल!" अपूर्वा ओरडली. आणि गेली. हाताला धरायच्या आत गेली. चार पायांवर, दोन पायांवर, फ्रॉक वाऱ्यात फडफडतोय, एक चप्पल मागं राहिलेली, अशी वर वर चालली.

भार्गवीच्या तोंडात तो शब्द आला. दातांपर्यंत आला. तो उच्चारला असता तर अपूर्वा जागच्या जागी थिजली असती, कायम थिजते तशी. कोंबडीही थांबली असती. सगळं थांबलं असतं, आणि पुढं कित्येक वर्षं थांबलेलंच राहिलं असतं. भार्गवीनं ओढणीचं टोक दातांत घट्ट धरलं आणि मुलीच्या मागं निघाली. चढली म्हणणं धाडसाचं होईल. हात, गुडघे, कोपर, मिळेल ते टेकत ती वर सरकत गेली. सुहास तिच्या मागं एक चप्पल हातात घेऊन चालला होता. तो काही बोलला नाही, याबद्दल तिनं त्याला पुढचे बरेच गुन्हे माफ केले.

पायऱ्या संपतात तिथं अपूर्वा उभी होती. गाल लाल, गुडघा खरचटलेला, कडेवर हळू. मागं पवनचक्क्या गरगरत होत्या. तिनं मोकळा हात खाली केला.

"आई, हात दे. खाली बघू नकोस. मी आहे ना!"

भार्गवीनं हात दिला. शेवटची पायरी ती मुलीच्या हाताला धरून चढली. कोंबडी मान वाकडी करून एका डोळ्यानं दोघींकडे बघत होती, आणि हा सगळा प्रकार तिला पसंत नव्हता हे उघड दिसत होतं. खरचटलेल्या गुडघ्याला लावायचं औषध खाली गाडीत राहिलं होतं. भार्गवीला ते पार खाली उतरल्यावर आठवलं.

निघायच्या दिवशी प्रश्न उरला हळूचा. संगमनेरच्या जाळीबंद घरात ती राहणार कशी, आणि पंकजाताई राहू देणार कशा? साळूबाईनंच तोड काढली. "खुराड्यात न्हाई घालायची म्हंजे अंगनात न्हाई का ऱ्हानार? तुमची म्हनून ऱ्हाईल. तुमी यीस्तवर तिला कोन हात लावत न्हाई." हे म्हणताना तिनं आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेब आभाळाकडे बघत होते. अपूर्वानं आपल्या वेणीची लाल रिबीन सोडून हळूच्या डाव्या पायाला बांधली. साळूबाईनं डबाभर पेढे दिले, आणि गाडी वळेपर्यंत दोघी मायलेकी मागं बघत राहिल्या.

आता अपूर्वा घसरगुंडीवर चढते. उलटी पण चढते. भार्गवी बाकावर बसून ओढणीचं टोक चावते. ओढण्या लवकर खराब होतात, पण ते चालायचंच.

दर रविवारी साळूबाईचा व्हिडिओ कॉल येतो आणि हळूचं दर्शन होतं. मागच्या रविवारी भार्गवीला दिसलं की रिबीन उजव्या पायाला आहे. सुहास म्हणतो, कॅमेऱ्यात उलटं दिसतं गं. पण मग आधीच्या रविवारी सुलटं कसं दिसत होतं? शिवाय ही जरा जास्त गडद वाटली, आणि 'हळू' म्हटल्यावर तिनं डावी-उजवीकडे न बघता सरळ चोच पुढं केली. साळूबाईला विचारायची सोय नाही. दिलेल्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होईल, आणि ती बाई मनाला लावून घेईल.

म्हणून भार्गवीची तुम्हाला विनंती आहे. भंडारदऱ्याकडे कधी गेलात तर राजूरला थांबा. पेढ्यांच्या दुकानासमोरच साळूबाईचं घर आहे, गच्चीच्या कठड्यात मांजराचे पाय उमटलेले आहेत, चुकायचं नाही. सहज अंगणात डोकावल्यासारखं करा आणि हाक मारून बघा. रस्ता ओलांडणाऱ्या आईसारखी दोन्हीकडे बघून मगच जी पुढं येईल, ती आमची. तेवढं कळवा. मुक्कामच करणार असाल तर तुम्ही काय खाता ते फोनवर आधी सांगून टाका. आणि सगळं खात असाल, तर डालग्याखालून जी काढतील तिचा डावा पाय आधी बघा.